दार कोणी उघडले?

मुलुंड, बोरिवली, अंधेरी किंवा घाटकोपरच्या मराठी घरांत ‘मुलगा अमेरिकेत असतो’ या वाक्याचे आता कोणालाच नवल वाटत नाही. मी मुलुंडचा. आमच्या सोसायटीत या स्थलांतराचे कारण विचारले, की उत्तर ठरलेले असते : मुले हुशार होती, म्हणून गेली. हे उत्तर खोटे नाही. पण अपुरे आहे. हुशार मुले १९२५ सालीही होती. त्यांच्यासाठी दार बंद होते. ते कधी उघडले आणि कोणामुळे, एवढेच मला या लेखात तपासायचे आहे.

आधी ते बंद कसे झाले, ते पाहू. अमेरिकेने १९१७च्या कायद्याने आशियाचा मोठा भाग स्थलांतरासाठी वर्ज्य ठरवला. त्यात हिंदुस्थानही आला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात सेवा केलेल्या भगतसिंग थिंड यांनी नागरिकत्वासाठी न्यायालयात दाद मागितली, तेव्हा १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सर्वसामान्य समजुतीनुसार हिंदी माणूस ‘गोरा’ नाही. सबब त्याला नागरिकत्व नाही. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने देशवार कोटे ठरले. उत्तर आणि पश्चिम युरोपाला त्यात झुकते माप होते आणि नागरिकत्वास अपात्र असणाऱ्यांना स्थायिक होण्याची वाटच उरली नाही. विद्यार्थी म्हणून जाता येई. शिक्षण आटोपून परतावे लागे.

या कायद्याला विरोध करणाऱ्यांत ब्रुकलिनमधून नुकतेच निवडून आलेले इमॅन्युएल सेलर होते. तेव्हा ते हरले. १९४६ साली त्यांच्या आणि क्लेअर बूथ लूस यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला. पण कोटा होता वर्षाला १०० जणांचा. सुमारे चाळीस कोटींच्या देशाला शंभर जागा!

इकडे स्वतंत्र भारत अभियंते घडवू लागला होता. १९५८ साली पवईची आयआयटी सुरू झाली, तीही युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीतून. पहिली तुकडी १९६२ साली बाहेर पडली. म्हणजे मॉस्कोच्या साहाय्याने तयार झालेले अभियंते उपनगरात होते. अमेरिकेत त्यांना स्थायिक होऊ देणारा कायदा अजून व्हायचा होता.

तो झाला कशामुळे? १९६३च्या उन्हाळ्यात बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर कृष्णवर्णीय शाळकरी मुलांवर पाण्याचे फवारे आणि पोलिसी कुत्री सोडली गेली. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला प्रचंड मोर्चा निघाला. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्क कायदा झाला. ७ मार्च १९६५ रोजी सेल्माच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्यांची डोकी फुटली आणि ६ ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर सही झाली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ३ ऑक्टोबर १९६५ रोजी, अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. तो मांडणाऱ्यांत पुन्हा सेलर होते. एकेचाळीस वर्षांनी त्यांची बाजू जिंकली.

हा क्रम योगायोगाचा नाही. घरात वंशभेद बेकायदा ठरवणाऱ्या देशाला उंबरठ्यावर जन्मभूमी पाहून माणसे निवडणे अवघड झाले. शीतयुद्धात आशिया-आफ्रिकेतील नवस्वतंत्र देशांपुढे तोंड दाखवायचे होते, हेही कारण होतेच. पण ती अडचण ऐरणीवर आणली, ती मार खाणाऱ्या लोकांनी.

नव्या कायद्यात पूर्व गोलार्धातील प्रत्येक देशासाठी कमाल मर्यादा वर्षाला २० हजारांची होती. सर्वाधिक वाटा नातेवाइकांना होता. त्यांपाठोपाठ उच्चशिक्षित व्यावसायिक. नातेवाइकांना अग्रक्रम दिला, की युरोपीयच येत राहतील, असा काहींचा होरा होता. तो साफ चुकला. आपल्याकडचे डॉक्टर आणि अभियंते शिक्षणाच्या बळावर गेले. मग भाऊ, बहीण, आई-वडील गेले. १९६० साली अमेरिकेत भारतात जन्मलेले सुमारे १२ हजार लोक होते. १९८० साली दोन लाखांवर. १९८१ साली शिकागोत बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले.

दुसरी लाट अंधेरीतून निघाली. १९७३ साली तिथे सीप्झ उभे राहिले. नावात सांताक्रूझ असले, तरी ते आहे अंधेरी पूर्वेला. तिथल्या सॉफ्टवेअर कंपन्यांतून माणसे परदेशी कामावर जाऊ लागली. १९९० साली अमेरिकेने एच-वन-बी व्हिसाची तरतूद केली आणि बोरिवलीहून लोकलने अंधेरीला जाणाऱ्या मुलाला न्यू जर्सी जवळ आली. पण हे सगळे १९६५च्या पायावर उभे होते.

त्याच आंदोलनाचे वारे मुंबईत आणखी एका वाटेने आले. १९७२ साली दलित तरुणांनी इथे दलित पँथर स्थापन केली. नाव घेतले ते ऑकलंडच्या ब्लॅक पँथरवरून. त्यांनी आपले नाते उघडपणे सांगितले. आम्ही मध्यमवर्गीयांनी लाभ घेतला आणि नाते विसरलो. आमच्याच गच्चीवरच्या गप्पांत ‘आम्ही केवळ गुणवत्तेवर गेलो’ आणि ‘तिथल्या काळ्यांना फुकटचे हवे असते’ ही दोन वाक्ये एकापाठोपाठ एक मी ऐकली आहेत. गुणवत्ता दारापर्यंत नेते. दाराची कडी कोणी काढली, याचे उत्तर तिच्यात नसते.

ही कृतज्ञता मराठीला परकी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला, तो अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी झटलेल्या तिथल्या लोकांना. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा, अशी आशा त्यांनी व्यक्त केली होती. फुले कधी अमेरिकेला गेले नव्हते. त्या घटनेतून त्यांना ना नोकरी मिळणार होती, ना घर. तरी पुण्यात बसून त्यांनी तिचे मोल जाणले आणि आपल्या समाजाला त्याच मापाने मोजले. ज्यांना त्या देशात नोकरीही मिळाली आणि घरही, त्यांच्यावरचे ऋण याहून मोठे आहे.