तास सरळ पडला का, ते बघा



यंदा पावसाळ्यात शीळफाट्याकडं नांगरणी स्पर्धा आन् अवजारांचं प्रदर्शन एकाच दिवशी घ्यावं, असं आम्हा चार-पाच जोतवाल्यांच्या मनात आहे. बैठकीत पहिला वाद बक्षिसावर झाला. वेगाला द्यायचं की कामाला? म्हणून थोडा मागचा इतिहास लिहितो.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात चिखल नांगरणी स्पर्धा होतात. पाणी भरलेलं खाचर, बैलजोडी, नांगर आणि घड्याळ. कमी वेळात फेरी मारील तो पहिला. बघायला मजा येते, पण मागं तास कसा पडला ते कोण बघत नाही. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या. १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ च्या निकालानं राज्याचा कायदा कायम राहिला. बैलाला मारून पळवणं आता चालायचं नाही, आणि ते बरंच झालं.

परदेशात पहिली जागतिक नांगरणी स्पर्धा १९५३ साली कॅनडात कोबर्गला झाली. तिथं वेगाला गुण नाहीत. वेळ ठरवून देतात आणि तास सरळ आहे का, खोली सारखी आहे का, तण गाडलं गेलं का, ते बघतात.

आता अवजारांचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन नासते, असं लोक म्हणायचे. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. पुढं १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या जागेवर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या शेतकऱ्यांना मी अडाणी म्हणणार नाही. जमीन गेली तर पोट जातं, मग नुसत्या बोलण्यावर विश्वास कोण ठेवील?

आजही तेच आहे. मंडपात गालिच्यावर ठेवलेल्या पॉवर टिलरकडं बघून काय कळतं? भातखाचराच्या चिखलाखाली घट्ट थर असतो, तो पाणी धरून ठेवतो. जड ट्रॅक्टरनं तो फुटला की पाणी खाली जातं आणि भात तहानेला राहतो. म्हणून यंत्र खाचरात उतरवा, चिखलणी झाल्यावर चाक किती रुतलं ते काठीनं मोजा, दुसऱ्या दिवशी पाणी किती उरलं तेही बघा.

बैठकीत मी म्हटलं, शंभरातले ऐंशी गुण कामाला, वीस वेळेला. परीक्षक एक कृषी सहायक, एक म्हातारा जोतवाला. काठी-चाबूक हातात दिसला की जोडी बाद. तरणी पोरं नाराज झाली. गर्दी वेगाला येते, त्यांचंही खोटं नाही.

पण आपल्याकडं वांद्र्याहून बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा शीळफाट्याला बाहेर येतोय. खाचरं दरसाल कमी होतायत. आता जी पोरं येतील, त्यांतली बरीच जोत पहिल्यांदाच बघतील. त्यांना धावणारे बैल दाखवायचे, की नांगरट दाखवायची? माझं मत वर लिहिलंय. तुमचं सांगा.