शून्य भागिले शून्य, मुक्काम औंढा नागनाथ

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वलहरी वेधशाळा व्हायची आहे. अमेरिकेतल्या लायगोच्या खुल्या नोंदी सेकंदाला १६,३८४ आकड्यांच्या मिळतात, शिवाय ४,०९६ वर घटवलेल्याही. उपकरणाची नोंद नसेल तिथे आकड्याच्या जागी ‘नॅन’ असतो, म्हणजे ‘हा आकडाच नव्हे’ अशी खूण.

खूण मोठी खोडकर. फूरिये पद्धतीने आकडे घटवायला जा, एका नॅनपायी अख्खी मालिका नॅन होते, कारण प्रत्येक उत्तरात प्रत्येक आकड्याचा वाटा असतो. त्याजागी शून्य भरलं तर ते खरं मोजमाप समजलं जातं. २, ४, गहाळ, ६ यांची सरासरी मग ३ येते.

क्नूटसन आणि वेस्टिन या संशोधकांचा १९९३ चा तोडगा मला फार देखणा वाटतो. गहाळ जागी शून्य भरा, पण सोबत दुसरी मालिका ठेवा: आकडा आहे तिथे १, नाही तिथे ०. दोन्ही एकाच गाळणीतून (इथे साध्या बेरजेतून) काढा आणि पहिलीला दुसरीने भागा. १२ भागिले ३, उत्तर ४. पण चारही आकडे गहाळ असतील तर? शून्य भागिले शून्य!

ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये याचं उत्तर शून्य दिलं होतं. ते इथे मानलं, तर न मोजलेला काळ शांत काळ म्हणून नोंदला जाईल. भास्कराचार्यांनी (जन्म १११४; नातवाच्या मठाचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटणला आहे) शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटलं. तिच्यात काही मिळवा, तिच्यातून काही वजा करा, ती बदलत नाही. नॅनचा स्वभाव नेमका हाच.

यावर आक्षेप येतो की खहर म्हणजे अनंत, नॅन नव्हे. अर्धा आक्षेप मला मान्य आहे. विल्यम काहान यांच्या पुढाकाराने १९८५ मध्ये ठरलेल्या संगणकी गणिताच्या आयईईई ७५४ मानकात पाच भागिले शून्य अनंत होतं. शून्य भागिले शून्य तेवढं नॅन. नॅन सांभाळणाऱ्या यंत्रांच्या वंशावळीत कोनराड त्सूझ यांचं १९४१ चं झेड-३ हे गणकयंत्र आधी येतं, पण अशा भागाकारावर ते थांबायचं. सीमोर क्रे यांच्या सीडीसी ६६०० संगणकामध्ये ‘अनिश्चित’ हे मूल्य घेऊन हिशेब पुढे चालायचा, म्हणून नॅनचं खरं माहेर मी तिथेच मानतो. मात्र शून्याने भागून आलेलं उत्तर चूक म्हणून टाकून न देता, स्वतःचे नियम असलेली राशी म्हणून सांभाळायचं, हा विचार बाराव्या शतकातला आहे. त्यावर मी ठाम आहे.

व्यवहारात मी एक पायरी वाढवीन. दुसऱ्या मालिकेची सरासरी अर्ध्याखाली गेली की भागाकार जमत असला तरी तिथे नॅनच लिहावा. एका आकड्याला तीन गैरहजरांची साक्ष द्यायला लावू नये.