पद्मिनीचा रेडिएटर

मंडळी, काकांची पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायचा खटाटोप घरच्यांना ठाऊक आहेच. नवा अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर आणला, तर बोल्टची भोकं जुळेनात, होजची तोंडं बोटभर सरकलेली आणि जाळी इतकी जाड की पंख्याची पाती घासायच्या बेतात!

पूर्वी ही भानगड का नव्हती? फियाटचं 1089 सीसीचं इंजिन असलेली ही गाडी कुर्ल्याला तयार व्हायची. रेडिएटर तांब्या-पितळेचा. गळला की रेडिएटरवाला डाख देई. फारच कुजला तर फक्त मधली जाळी बदली. टाक्या, तोंडं, पट्ट्या मूळच्याच राहत, म्हणजे मापही गाडीचंच राही. अ‍ॅल्युमिनियम हलकं खरं, पण त्याला तो डाख धरत नाही. मग अख्खा रेडिएटरच बदला, आणि माप दुसऱ्याच कुणाचं!

या कारागिरांना मुंबईत टॅक्स्यांचं भरपूर काम असे. पद्मिनीचं उत्पादन 2000 च्या सुमारास थांबलं. 2023 च्या ऑक्टोबरअखेर तिची शेवटची टॅक्सीही वयोमर्यादेमुळे बंद झाली. गाडी जपता येईल हो, पण तो हात कसा जपायचा?

असो. जुना रेडिएटर मी भंगारात दिलेला नाही. डाख देणारं कुणी ओळखीचं असेल तर जरूर कळवा.