नाचणी आणि म्हैसूरचे दोन प्रश्न

म्हैसूरच्या आसपासच्या खेड्यांत रागी मुद्दे हे पिढ्यान्‌पिढ्या कष्टकऱ्यांचे जेवण आहे. उकळत्या पाण्यात नाचणीचे पीठ घोटून वळलेला हा गोळा कुळथाच्या किंवा पालेभाजीच्या सारात बुडवून, न चावता गिळतात. आता शहरांतील मधुमेही भात सोडून नाचणीकडे वळत आहेत. महाराष्ट्रातही आंबील आणि नाचणी सत्त्वाची महती गायली जाते. नाचणीने साखर वाढत नाही, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा म्हैसूरच्याच इतिहासातून उलगडतो.

२१ ऑक्टोबर १९५० रोजी म्हैसूरच्या चेलुवांबा महालात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. बंगालच्या दुष्काळाला तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. पहिले संचालक व्ही. सुब्रह्मण्यन यांच्यापुढचा प्रश्न होता भुकेचा. कसाव्याचे पीठ तीन भाग आणि शेंगदाण्याचे पीठ एक भाग अशा मिश्रणातून तयार झालेले ‘म्हैसूर पीठ’ हे त्या काळाचे उत्तर होते. पोटात किती अन्न गेले, हे तेव्हा मोजले जाई. त्यातील पिष्टाची साखर किती वेगाने रक्तात उतरते, हे कोणी विचारत नव्हते.

तो दुसरा प्रश्न १९८१ साली टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी आकड्यांत मांडला. त्यांनी ६२ पदार्थ तपासून ‘ग्लायसेमिक निर्देशांक’ ही कल्पना दिली. कर्बोदके समान असली, तरी प्रत्येक पदार्थाने रक्तातील साखर सारखी चढत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे १९९३ साली पश्चिम भारतातील पदार्थांची अशीच मोजणी प्रसिद्ध झाली. ती छोट्या गटावरची होती. पण ग्लुकोजचे १०० धरता ज्वारीचा निर्देशांक ७७, तर नाचणीचा १०४ आला!

असे का व्हावे? नाचणीचा दाणा मोहरीएवढा. गर मऊ आणि कोंडा त्याला घट्ट चिकटलेला. त्यामुळे तांदळासारखी तिला पॉलिश करता येत नाही. ती कोंड्यासकट दळावी लागते. म्हणून तंतू, पॉलिफिनॉल आणि कॅल्शियम पिठात टिकतात. परंतु दळल्यावर पिष्टाचे कण उघडे पडतात, शिजताना फुगतात आणि पाचकरसांना सहज सापडतात. पीठ जितके बारीक आणि आंबील जितकी पातळ, तितकी साखर लवकर चढण्याची शक्यता अधिक.

पुढे म्हैसूरच्या याच संस्थेने वाफेने दाणा कडक करून नाचणी सडण्याची पद्धत विकसित केली. नाचणी भातासारखी अख्खी शिजू लागली. पण तिचे वैशिष्ट्य असलेला कोंडा निघून गेला. एक अडचण सुटली आणि दुसरी उभी राहिली.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. त्यांच्या ताटासाठी या इतिहासाचे सांगणे साधे आहे: धान्याच्या नावावर विसंबू नये. दळण जाडसर ठेवावे, प्रमाण आवरावे, सोबत डाळ, उसळ आणि पालेभाजी असावी. औषध किंवा इन्सुलिन चालू असल्यास आहारातील मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासली, की कोणता पदार्थ आपल्याला मानवतो ते कळते. मुद्द्याबरोबर कुळथाचे सार वाढणाऱ्या खेड्यातील स्वयंपाकघराकडे निर्देशांक नव्हता. पण नाचणी एकटी खायची नसते, हे त्याला ठाऊक होते.