मधल्या फळीतला माणूस

कसबा पेठेच्या गल्ल्यांत चेंडू लांब मारायला जागा नाही. खिडकी फुटते, मग ओरडा बसतो. म्हणून इथली पोरं जवळच्याला पास द्यायला आपोआप शिकतात. माझ्याकडे शिकणाऱ्या अशाच एका मुलाच्या वहीवर जर्मनीच्या मेसुत ओझिलचं चित्र आहे. परवा त्यानं विचारलं, “सर, अपने में ऐसा कोई है क्या?”

ओझिल हा तुर्की वंशाच्या कुटुंबातला, गेल्सेनकिर्शेन शहरात जन्मलेला. मधल्या फळीत खेळून त्यानं 2014 चा विश्वचषक जर्मनीसोबत जिंकला. 2018 च्या मे महिन्यात तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांच्यासोबतच्या छायाचित्रावरून वाद पेटला. त्यानंतर जर्मनी विश्वचषकात पहिल्याच फेरीत गारद झाली. जुलैमध्ये ओझिलनं 92 सामन्यांनंतर देशाचा संघ सोडला. जिंकल्यावर आपण जर्मन असतो आणि हरल्यावर उपरे ठरतो, अशी त्याची तक्रार होती.

मुलाला मी खालिद जमील यांचं नाव सांगितलं. 1977 मध्ये कुवेतमध्ये जन्मलेले जमील मुंबईत घडले आणि तेही मधल्या फळीतच खेळले. कारकिर्दीच्या सुरुवातीला कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगालकडून बोलावणं आलं होतं. दोन्ही क्लबांना दारू कंपन्यांचं प्रायोजकत्व असल्यानं ते गेले नाहीत. ते महिंद्रा, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या मुंबईच्याच संघांकडून खेळले. भारताची जर्सीही त्यांनी घातली. 2009 मध्ये खेळणं थांबवून ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले.

पुढे मिझोरामचा छोटा क्लब आयझॉल त्यांच्याकडे आला. 2016-17 ची आय-लीग या क्लबनं जिंकली. ईशान्येकडच्या संघाला देशाचं विजेतेपद मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. ऑगस्ट 2025 मध्ये जमील भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. 2012 मध्ये गोव्याचे सावियो मेदेइरा पायउतार झाल्यापासून या पदावर परदेशी माणसंच होती. सप्टेंबरमध्ये ताजिकिस्तानात ओमानला पेनल्टींवर हरवून भारतानं मध्य आशियाई स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला. ऑक्टोबरमध्ये मात्र मडगावला सिंगापूरकडून 1-2 अशी हार झाली आणि 2027 च्या आशिया चषकाचं दार बंद झालं.

मुलगा हिरमुसला. “हार गए? फिर?”

त्याच्या प्रश्नातला ‘अपने’ हा शब्द मला तिथेच बोचला. जिंकल्यावर जमील आपले आणि हरल्यावर नुसते प्रशिक्षक, असं आपणही केलं तर ओझिलची तक्रार आपल्यालाही लागू होते. प्रशिक्षक चुकला तर त्याला डावपेचांबद्दल जाब विचारावा, खुशाल विचारावा. पण त्याचं आपलेपण दर सामन्याच्या निकालावर टांगून ठेवू नये. आणि ते आपलेपण फक्त आपल्या मोहल्ल्यापुरतंही ठेवू नये. मुंबईतल्या मैदानांवर घडलेला हा माणूस मिझोरामचाही झाला, तो काही नावामुळे नाही. कामामुळे झाला.

मुलानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “सर, उनका फोटो मिलेगा?” ओझिलच्या चित्राशेजारी वहीवर थोडी जागा होती.