गर्भाशयाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतरचे किरणोपचार : पंचवीस सत्रांवरून पाच सत्रांकडे

मुंबई : गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या कर्करोगासाठी गर्भपिशवी काढल्यानंतर काही महिलांना ओटीपोटावर किरणोपचार घ्यावे लागतात. रूढ पद्धतीत ही सुमारे 25 सत्रे असतात. आठवड्यातून पाच दिवस, पाच आठवडे किंवा त्याहून थोडे अधिक काळ ती चालतात. हाच उपचार अवघ्या पाच सत्रांत देता येईल का, याची तपासणी आता जगातील काही केंद्रांत होत आहे. प्रत्येक सत्रापूर्वी शरीराच्या आतील प्रतिमा घेऊन किरणांचा नेम तपासण्याच्या तंत्रामुळे ही शक्यता निर्माण झाली. नेमकेपणामुळे आतड्यांचा त्रास कमी होतो, याचा भक्कम पुरावा मुंबईतील टाटा मेमोरियल सेंटरच्या अभ्यासातून पुढे आला आहे. सत्रे कमी करण्याबाबतचा पुरावा आश्वासक असला तरी त्याचा पाया अद्याप लहान आहे.

आजाराचे स्वरूप

गर्भाशयाच्या आतील अस्तरात होणारा हा कर्करोग गर्भाशयमुखाच्या कर्करोगाहून वेगळा आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे प्रामुख्याने एचपीव्ही विषाणूचा संसर्ग असतो. अंतःस्तराच्या कर्करोगाचा संबंध स्त्री-संप्रेरक इस्ट्रोजेनच्या दीर्घकाळ राहिलेल्या प्रभावाशी, लठ्ठपणाशी आणि मधुमेहाशी आहे. अपत्य नसणे, पीसीओएस, स्तनाच्या कर्करोगासाठी घेतलेले टॅमॉक्सिफेन हे औषध आणि लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक दोष यांमुळेही धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये जगभरात गर्भाशयाच्या कर्करोगाचे सुमारे 4 लाख 20 हजार नवे रुग्ण आढळले. भारतात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण त्यापेक्षा कितीतरी अधिक असतात. मात्र शहरी जीवनशैली आणि वाढते वजन यांमुळे अंतःस्तराच्या कर्करोगाकडेही डॉक्टरांचे लक्ष वेधले गेले आहे.

रजोनिवृत्तीनंतर होणारा रक्तस्राव हे या आजाराचे मुख्य लक्षण आहे. ते लवकर दिसते, त्यामुळे बहुतांश रुग्णांत आजार गर्भाशयापुरता मर्यादित असतानाच निदान होऊ शकते. सोनोग्राफी आणि अस्तराचा तुकडा तपासणे, म्हणजे बायोप्सी, यांतून निदान निश्चित होते. त्यानंतर गर्भाशय, बीजनलिका व बीजांडकोश काढले जातात आणि गरजेनुसार लसिकाग्रंथींचीही तपासणी होते. अनेक महिलांचा उपचार येथेच संपतो.

किरणोपचार कोणाला?

शस्त्रक्रियेनंतर कोणाला किरणोपचार द्यावेत, याचे बरेचसे उत्तर नेदरलँड्समधील ‘पोर्टेक’ नावाच्या अभ्यासमालिकेतून मिळाले. 2000 मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात सातशेहून अधिक महिलांचा समावेश होता. ओटीपोटावर किरणोपचार घेतलेल्या महिलांमध्ये पाच वर्षांत आजार त्याच भागात परतण्याचे प्रमाण 4 टक्के होते, न घेतलेल्यांमध्ये ते 14 टक्के होते. एकूण आयुर्मानात मात्र लाभ दिसला नाही. म्हणजे उपचाराने स्थानिक पुनरुद्भव रोखला जातो, पण सरसकट सर्वांना तो देण्याचे समर्थन होत नाही.

दुसऱ्या अभ्यासात मध्यम ते अधिक धोक्याच्या गटातील 427 महिलांची तुलना झाली. त्यांपैकी निम्म्या महिलांना संपूर्ण ओटीपोटावर बाहेरून किरण देण्यात आले. उरलेल्यांना योनीमार्गाच्या वरच्या टोकाशी आतून किरण देण्यात आले. या दुसऱ्या पद्धतीला ब्रेकीथेरपी म्हणतात. त्यात गोल नळकांड्यासारखे उपकरण काही मिनिटांसाठी आत ठेवले जाते आणि साधारणतः तीन सत्रांत उपचार संपतो. 2010 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार योनीमार्गातील पुनरुद्भव दोन्ही गटांत दोन टक्क्यांहून कमी राहिला आणि ब्रेकीथेरपी घेतलेल्यांना आतड्यांचा त्रास कमी झाला. त्यामुळे या गटातील अनेक महिलांसाठी लहान उपचार आधीपासूनच उपलब्ध आहे.

संपूर्ण ओटीपोटावरील किरणोपचाराची गरज उरते ती अधिक धोक्याच्या महिलांना. लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचलेला, गर्भाशयमुखात पसरलेला किंवा पेशींच्या तपासणीत आक्रमक आढळलेला आजार या गटात मोडतो. काहींना सोबत केमोथेरपीही दिली जाते. गाठीच्या जनुकीय तपासणीवरूनही आता धोक्याचा अंदाज बांधला जातो. ‘पोल’ या जनुकात विशिष्ट बदल असलेल्या महिलांमध्ये आजार परतण्याचे प्रमाण फार कमी असते. पाच सत्रांची चर्चा मुख्यतः ओटीपोटावर बाहेरून दिल्या जाणाऱ्या उपचाराबाबत आहे.

अडचण आतड्यांची

गर्भपिशवी काढल्यावर तिच्या रिकाम्या जागेत लहान आतड्यांची वेटोळी खाली उतरतात. किरणांना ज्या लसिकाग्रंथी आणि योनीमार्गाच्या टोकापर्यंत पोहोचायचे असते, त्यांच्या मधोमध आता आतडी असतात. पुढे मूत्राशय, मागे गुदाशय. जुन्या पद्धतीत चार बाजूंनी चौकोनी किरणपट्टे सोडले जात. त्यांत या अवयवांचा मोठा भाग सापडत असे. परिणामी उपचारादरम्यान जुलाब, पोटात कळा आणि लघवीची जळजळ होते. काही महिलांत हा त्रास महिनोन्‌महिने टिकतो किंवा काही वर्षांनी उद्भवतो. शौचाची घाई आवरता न आल्याने प्रवास, लग्नकार्ये, नोकरी टाळणाऱ्या महिला असतात. क्वचित आतडे आकुंचन पावून शस्त्रक्रियेची वेळ येते.

‘आयएमआरटी’ या तंत्रात किरणांची तीव्रता बिंदूगणिक बदलता येते. त्यामुळे मात्रेचा आकार आतड्यांना वळसा घालणारा करता येतो. पण असा घट्ट बेतलेला आकार लक्ष्य हलले की चुकतो. मूत्राशय भरलेले असताना योनीमार्गाचे टोक एका जागी असते, रिकामे असताना दुसऱ्या जागी. गुदाशयात वायू वा मळ साचला तरी ते पुढे सरकते. म्हणूनच नियोजनाच्या वेळी भरलेल्या आणि रिकाम्या मूत्राशयासह वेगवेगळे सीटी स्कॅन घेतले जातात. रोज ठरलेल्या प्रमाणात पाणी पिऊन ठरावीक वेळ थांबण्यास सांगितले जाते. रुग्ण टेबलावर झोपल्यावर यंत्रालाच जोडलेल्या स्कॅनरने प्रतिमा घेतली जाते. ती नियोजनाच्या प्रतिमेशी जुळवून टेबल काही मिलिमीटर सरकवले जाते आणि मगच किरण सोडले जातात. मूत्राशय पुरेसे भरलेले नसेल, तर रुग्णाला उठवून पुन्हा थांबायला सांगितले जाते. यालाच प्रतिमा-मार्गदर्शित किरणोपचार किंवा ‘आयजीआरटी’ म्हणतात.

खारघरचा अभ्यास

हे सारे श्रम आणि खर्च सार्थकी लागतो का, हा प्रश्न टाटा मेमोरियल सेंटरने तपासला. 1941 मध्ये परळ येथे सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची ही मातृसंस्था असून नवी मुंबईतील खारघर येथे तिचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे संशोधन केंद्र आहे. तेथील डॉ. सुप्रिया चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली ‘पार्सर’ हा अभ्यास झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी गर्भपिशवी काढलेल्या 300 महिला त्यात सहभागी झाल्या. चिठ्ठी पद्धतीने त्यांचे दोन गट करण्यात आले. एकाला जुन्या त्रिमितीय पद्धतीने, तर दुसऱ्याला प्रतिमा-मार्गदर्शित आयएमआरटीने उपचार मिळाले.

2021 मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन वर्षांत आतड्यांचा मध्यम किंवा तीव्र स्वरूपाचा उशिरा उद्भवणारा त्रास जुन्या पद्धतीत 42.4 टक्के, तर नव्या पद्धतीत 21.1 टक्के आढळला. आजार परतण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. हा अभ्यास गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरचा असला तरी गर्भपिशवी काढल्यानंतर किरणे ज्या भागावर दिली जातात, तो भाग आणि त्यातील आतड्यांची स्थिती दोन्ही आजारांत बरीच सारखी असते. गर्भाशयमुख आणि अंतःस्तर अशा दोन्ही कर्करोगांच्या महिलांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासातही आयएमआरटी घेतलेल्यांनी उपचाराच्या पाचव्या आठवड्यात आतड्यांचा त्रास कमी नोंदवला.

पाच सत्रांचे गणित

सत्रे कमी करताना प्रत्येक सत्राची मात्रा वाढवावी लागते. रूढ पद्धतीत 45 ग्रे ही मात्रा प्रत्येकी 1.8 ग्रेच्या 25 सत्रांत दिली जाते. कॅनडात झालेल्या ‘स्पार्टाकस’ अभ्यासात 30 ग्रे मात्रा प्रत्येकी 6 ग्रेच्या पाच सत्रांत देण्यात आली. ही सत्रे एक दिवसाआड किंवा आठवड्यातून एकदा होती.

वरकरणी 30 हा आकडा 45 पेक्षा लहान आहे. मात्र किरणांचा परिणाम एकूण मात्रेइतकाच प्रत्येक सत्राच्या आकारावरही अवलंबून असतो. किरणोपचार शास्त्रातील प्रचलित सूत्राने दोन्ही मात्रा दैनिक 2 ग्रेच्या मापात बदलल्या, तर कर्कपेशींवरील परिणाम रूढ पद्धतीत सुमारे 44 आणि पाच सत्रांत 40 ग्रे येतो. आतड्यांच्या उशिरा होणाऱ्या इजेसाठी मात्र हेच आकडे अनुक्रमे सुमारे 43 आणि 54 ग्रे होतात. म्हणजे लहान उपचारात आतडे किरणांच्या वाटेत पूर्ण सापडले, तर त्याची किंमत अधिक मोठी असते. म्हणूनच प्रतिमा-मार्गदर्शन ही लहान उपचाराची पूर्वअट ठरते.

‘जामा ऑन्कॉलॉजी’त 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्पार्टाकस’च्या निष्कर्षांत 61 महिलांचा समावेश होता. उपचारादरम्यान व लगेच नंतर आढळलेला त्रास बहुतांशी सौम्य होता. जुलाबाचा तीव्र त्रास एका महिलेला झाला व तोही बरा झाला. तथापि 61 ही संख्या लहान आहे आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आतड्यांची उशिरा होणारी इजा काही वर्षांनी कळते. त्यामुळे रूढ उपचाराशी थेट तुलना आणि दीर्घकाळाची नोंद यांवरच अंतिम निर्णय अवलंबून राहील.

इतर कर्करोगांत ही वाट आधीच चालून झाली आहे. स्तनाच्या कर्करोगात ब्रिटनच्या ‘फास्ट-फॉरवर्ड’ अभ्यासाने 2020 मध्ये पाच सत्रांचा उपचार तीन आठवड्यांच्या उपचाराइतका प्रभावी असल्याचे दाखवले. तो अभ्यास चार हजारांहून अधिक महिलांवर झाला होता.

अंतर आणि खर्च

भारतात सत्रांच्या संख्येला वैद्यकीय अर्थाइतकाच व्यावहारिक अर्थ आहे. जयपूरच्या तिलक नगरसारख्या भागात राहणारी महिला शहरातील केंद्रात उपचार घेऊन त्याच दिवशी घरी परतू शकते. गडचिरोलीच्या एखाद्या गावातून नागपूरला किंवा नंदुरबारहून मुंबईला आलेल्या महिलेला पाच आठवडे मुक्काम करावा लागतो. सोबत घरातील एक माणूस थांबतो, त्याची मजुरी बुडते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना किंवा आयुष्मान भारत यांतून उपचाराचा खर्च भागला, तरी राहण्या-जेवण्याचा प्रश्न उरतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या संस्था दशकानुदशके हा भार उचलत आहेत. मुक्काम परवडेनासा झाला की सत्रे मध्येच सुटतात आणि अर्धवट उपचाराचा लाभ घटतो.

यंत्रांच्या उपलब्धतेचाही संबंध येतो. एका रुग्णाची 25 सत्रे पाचवर आली, तर तेच यंत्र इतरांसाठी मोकळे होते. अर्थात प्रत्येक लहान उपचाराच्या सत्राला अधिक वेळ लागतो. शिवाय दैनंदिन प्रतिमेची सोय, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ आवश्यक असतात. ही सोय नसलेल्या केंद्रात केवळ दिवस वाचवण्यासाठी मात्रा वाढवणे धोक्याचे ठरेल.

रुग्णांनी काय विचारावे

शस्त्रक्रियेनंतर पॅथॉलॉजीचा अहवाल हाती आल्यावर महिलेने आणि कुटुंबीयांनी डॉक्टरांना काही प्रश्न विचारावेत. किरणोपचाराची खरोखर गरज आहे का? केवळ ब्रेकीथेरपी पुरेशी आहे का? बाहेरून किरणे द्यायची असल्यास आयएमआरटी आणि रोजची प्रतिमा मिळणार का? लहान उपचार सुचवला असेल, तर तो नियमित उपचार म्हणून आहे की अभ्यासाचा भाग म्हणून? अभ्यासाचा भाग असल्यास लेखी संमती, नोंदणी आणि पुढील तपासण्यांची हमी मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे.

उपचारकाळात मूत्राशय भरण्याच्या सूचना पाळणे आणि जुलाब सुरू झाल्यास लगेच सांगणे आवश्यक असते. उपचारानंतर योनीमार्ग आकुंचन पावू नये यासाठी डायलेटर वापरण्याचा सल्ला दिला जातो. संकोचामुळे ही बाब अनेकदा बोलली जात नाही. शौचाच्या सवयीतील बदल, लघवीतून वा शौचातून रक्त किंवा पायांवर सूज दिसल्यास, उपचाराला कितीही वर्षे झाली असली तरी, त्याच केंद्राकडे जावे. पाळी थांबल्यानंतर पुन्हा एकदाही रक्तस्राव झाला, तर तो वयाचा परिणाम समजून न थांबता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे तपासणी करून घ्यावी. आजार गर्भाशयापुरता असतानाच सापडला, तर अनेक महिलांना किरणोपचाराची गरजच पडत नाही.