कवटीला खिडकी

मेंदूवरच्या अल्ट्रासाउंड उपचारांचा इतिहास खरे तर कवटीचाच इतिहास आहे. ऑस्ट्रियातल्या कार्ल डुसिक यांनी १९४२ मध्ये डोक्यातून ध्वनिलहरी आरपार पाठवून मेंदूतल्या पोकळ्या टिपल्याचे जाहीर केले. दहा वर्षांनी पाण्यात ठेवलेल्या रिकाम्या कवटीनेही तशीच चित्रे दिली; डुसिक यांना दिसले होते ते हाड! इलिनॉय विद्यापीठातले विल्यम आणि फ्रान्सिस फ्राय हे भाऊ अधिक रोखठोक निघाले. १९५० च्या दशकात कंपवाताच्या रुग्णांवर प्रयोग करताना त्यांनी आधी कवटीचा तुकडा काढवला आणि मगच लहरींचा झोत आत सोडला. पुढे संगणक आला, हाडात लहर कुठे किती रेंगाळते याचे गणित जमले, आणि १०२४ स्फटिकांच्या शिरस्त्राणातून कवटी न उघडता हातांची थरथर थांबवण्याच्या उपचाराला २०१६ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली.

मग २०१७ मध्ये कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोतल्या संशोधकांनी हाडाच्या जागी, लहरींना खिडकी म्हणून, झिर्कोनिया या सिरॅमिकची चकती सुचवली, ती कशासाठी? हे मागे जाणे नव्हे काय? माझ्या मते ते फ्राय बंधूंकडे परतणेच आहे, पण शहाणपणाने. शिरस्त्राणाचा झोत मेंदूच्या मध्यभागी नीट जुळतो, कडेला तितका नाही. शिवाय मेंदूतल्या गाठीच्या रुग्णाला उपचार पुन्हा पुन्हा लागतात आणि त्याची कवटी बहुधा शस्त्रक्रियेत एकदा उघडलेलीच असते. ती बंद करताना खिडकी बसवली तर नवी जखम कुठली? पॅरिसमध्ये अलेक्झांडर कार्पेंतिये यांनी तर लहरी सोडणारे यंत्रच कवटीत बसवले. चकतीत यंत्र नाही, तारा नाहीत, एवढाच तिचा साधेपणा.

झिर्कोनिया हाडाहून कितीतरी जड, म्हणजे लहरी उलट जास्तच परतवणार, हा आक्षेप बरोबर आहे. मात्र हाड सच्छिद्र, जागोजागी जाडी वेगळी; ते लहरी विस्कटते आणि शोषते. चकती एकजिनसी असते. तिची जाडी अर्ध्या तरंगलांबीइतकी ठेवली, एक मेगाहर्ट्झला साधारण साडेतीन मिलिमीटर, की परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात आणि बहुतेक ऊर्जा आत जाते. दुसरी शंका मला अधिक गंभीर वाटते. २००१ मध्ये कृत्रिम खुब्यांतले झिर्कोनियाचे गोळे रुग्णांच्या शरीरात फुटू लागले आणि परत मागवावे लागले. दोष गोळे भाजण्याच्या भट्टीच्या बदललेल्या पद्धतीत निघाला. कवटीवर खुब्यासारखा भार नसतो, हे खरे. पण ओलाव्यात हे द्रव्य हळूहळू म्हातारे होते, आणि डोक्यातली चकती तर जन्मभर ओलीच राहणार.